मेजाखालचा चुरा आणि दाराजवळची बाई : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना व पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळक, उपदेशक आणि पंच यांस,

प्रभूमध्ये सलाम.

मी मंडळीत कोणत्याही पदावर नाही. सव्वीस वर्षे संडे स्कूलमध्ये मुलांना शास्त्र शिकवत आले, बायकांच्या सभेत पाळी आली की वचन वाचते आणि रविवारी दाराकडून तिसऱ्या बाकावर बसते. एवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहीत आहे. ते कोणा एका मंडळीला उद्देशून नाही. अहिल्यानगर, पुणे, नाशिक, सोलापूर, मुंबई, जेथे जेथे मराठीत उपासना चालते, तेथल्या उपदेशपीठावर उभे राहणाऱ्यांसाठी आणि तेथल्या दारावर उभे राहणाऱ्यांसाठीही ते आहे.

मला बोलायचे आहे ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाच्या आठ वचनांविषयी. येशू गालील सोडून सोर व सीदोन यांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या परक्या लोकांच्या, मुलखात जातो. तेथली एक कनानी बाई भूतबाधेने पिडलेल्या आपल्या मुलीसाठी त्याच्यामागे ओरडत येते. तो प्रथम काहीच बोलत नाही, मग मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे ठीक नाही असे म्हणतो, आणि ती उत्तर देते की खरेच प्रभू, पण कुत्रीसुद्धा धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. तेव्हा तो म्हणतो, 'बाई, तुझा विश्वास मोठा', आणि मुलगी त्याच घटकेस बरी होते. ज्या मंडळ्यांत तीन वर्षांच्या पाठक्रमाप्रमाणे शास्त्रपाठ होतात तेथे ही गोष्ट ऑगस्टच्या मध्याला येते; इतरत्र ती उपदेशकाच्या मनाप्रमाणे येते, आणि पुष्कळदा येते. आजवर मी तिच्यावर पंधरा तरी उपदेश ऐकले असतील. त्यांतील बहुतेकांचा शेवट एकाच ठिकाणी झाला : त्या बाईने अपमान गिळला, स्वतःला कुत्रे म्हणवून घेतले, म्हणून तिला मिळाले, तुम्हीही तसेच नम्र व्हा. हा शेवट आपण सोडून द्यावा अशी माझी हात जोडून विनंती आहे, आणि ती का, हे सविस्तर सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका मंडळीत मी उपासनेला होते. दुसरे गीत चालू असताना जवळच्या वस्तीतली एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन दारात आली. मुलीला आकडी येत असावी. तिची मान एका बाजूला कलली होती आणि ओठांच्या कडेला फेस वाळला होता. बाई थोडा वेळ चपलांजवळ उभी राहिली आणि मग बाकांमधून पुढे येत मोठ्याने म्हणाली, 'साहेब, माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवा.' व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी एकजण उठले आणि तिला हळूच बाहेर घेऊन गेले. ते तिला टाकून बोलले नाहीत. 'उपासना झाली की या, बाई,' एवढेच म्हणाले. उपासना त्यानंतर सव्वा तास चालली, आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा ओसरीवर कोणी नव्हते. मी तिच्यापासून सात-आठ पावलांवर होते. गीतपुस्तक हातात धरून मी पुढचे कडवे म्हटले.

त्यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी याच आठ वचनांवरचा उपदेश ऐकला. तयारी उत्तम होती, आवाज भरदार होता, आणि अपमान गिळणाऱ्या विश्वासाची थोरवी सांगताना उपदेशकांचे डोळे भरून आले होते. मला मात्र चपलांजवळ उभी असलेली ती बाई दिसत होती. घरी येऊन मी मत्तयाचे चौदावे आणि पंधरावे अध्याय आणि हीच गोष्ट सांगणारा मार्काचा सातवा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले. तेव्हापासून वाचतेच आहे.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की गोष्टीतली बाई गप्प बसणारी नाही. ती ओरडते. तिच्या ओरडण्याचा शिष्यांना त्रास होतो, आणि 'तिला पाठवून द्या, ती आमच्या मागे ओरडत येत आहे' असे ते प्रभूला सांगतात. ती पुढे येते, पाया पडते, आणि नकारासारखे वाटणारे वाक्य कानावर पडताच त्याच वाक्यातला शब्द उचलून त्याला उत्तर देते. ती नम्र आहे यात शंका नाही. तीन वेळा ती त्याला प्रभू म्हणते, परक्या लोकांत जन्मून त्याला दावीदपुत्र म्हणते, त्याच्या पायांशी येते. पण तिची ही सगळी नम्रता प्रभूपुढे आहे. शिष्यांशी ती एक शब्दही बोलत नाही, त्यांची परवानगी मागत नाही, आणि त्यांनी 'पाठवून द्या' म्हटल्यावर मागे फिरत नाही. आपण उपदेशात जी नम्रता शिकवतो ती बहुधा शिष्यांपुढची असते. बाहेरून आलेल्याने मागच्या बाकावर बसावे, विचारल्याशिवाय बोलू नये, आपल्या रिवाजांना मान द्यावा, थांबावे. या बाईने यातले काहीही केले नाही आणि प्रभूने तिला त्याबद्दल बोल लावला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली आहे, आणि ती मला सर्वांत जास्त सलते. 'चुरा' हा शब्द पुस्तकात निरुपद्रवी वाटतो. चिमण्यांना घालतो तो भाकरीचा चुरा डोळ्यांपुढे येतो. परंतु आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून आली आहेत, आणि त्यांच्या घरात या शब्दाला दुसरे नाव होते : उष्टे. येसकराची, म्हणजे गावच्या राखणीची, पाळी असलेला माणूस संध्याकाळी दारोदार फिरून भाकरतुकडा गोळा करी, पंगत उठल्यावर उरलेले कोणाच्या वाट्याला जाई, हे आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. महाद्वाराबाहेर राहिलेल्या चोखोबाने आपण भुकेले होऊन उष्ट्यासाठी आलो आहोत असे देवाला सांगितले, आणि ते शब्द ऐकताना मराठी माणसाच्या कानात भक्ती आणि वेदना एकाच वेळी उमटतात. पुढे मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना जे सोडून द्यायला सांगितले त्यात मेलेल्या जनावराचे मांस होते आणि उष्टे तुकडेही होते. उष्टे नाकारणे हीच माणूसपणाची पहिली पायरी आहे हे या भूमीने एवढी किंमत देऊन शिकले आहे. त्याच भूमीत, त्याच लोकांच्या नातवंडांपुढे उभे राहून 'चुऱ्यावर समाधान मानणारी बाई थोर' असे आपण कसे म्हणू शकतो? कोणाच्या कानावर ते कसे पडत असेल, याचा विचार उपदेशपीठावर चढण्यापूर्वी व्हायला हवा.

या प्रश्नाने मी बरेच दिवस अस्वस्थ होते. उत्तर मला गोष्टीतूनच मिळाले. बाई चुरा मागते खरी, पण तिला चुरा मिळत नाही. प्रभू तिला अर्धी मुलगी बरी करून देत नाही. इस्राएलातल्या याईराच्या मुलीला जे पूर्णपणे मिळाले तेच हिच्या मुलीला पूर्णपणे मिळाले. 'खाली बसून खा' असे तो तिला सांगत नाही. 'तुझी इच्छा सफळ होवो' असे म्हणतो, आणि तिची इच्छा चुऱ्याची नव्हती, लेकीची होती. तिच्या उत्तरात आपण फक्त 'कुत्री' हा शब्द ऐकतो; तिने मात्र 'खातात' या शब्दावर भर दिला आहे. एकाच छपराखाली, एकाच वेळी, मुलांच्या वाटणीला काही कमी न पडता, तीही खातात. मेजावर भाकर किती आहे हे मेजाभोवती बसलेल्यांपेक्षा तिला जास्त ठाऊक होते.

हे तिला ठाऊक असण्याला कारण आहे, असे अध्यायांचा क्रम पाहिल्यावर वाटते. मागच्याच अध्यायात प्रभूने पाच हजार पुरुषांना, शिवाय बायकामुलांना जेवू घातले आणि बारा टोपल्या उरल्या. तेथेही संध्याकाळ होताच शिष्यांनी लोकांना पाठवून देण्याची विनंती केली होती. मूळ ग्रीकमध्ये तेव्हाचे क्रियापद आणि या बाईविषयीचे क्रियापद एकच आहे. बाईची गोष्ट संपल्यावर काही वचनांनीच पुन्हा गर्दी जमते. ती लंगड्यांना चालताना पाहून 'इस्राएलाच्या देवाचे' गौरव करते, आणि त्या शब्दांवरून गर्दी बाहेरच्यांची असावी असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. तेथे प्रभू स्वतःच म्हणतो की यांना उपाशी पाठवून देण्याची माझी इच्छा नाही. तेच क्रियापद पुन्हा येते, आणि या वेळी नकारासह, प्रभूच्या तोंडून. मग चार हजार पुरुष, शिवाय बायकामुले जेवतात आणि सात टोपल्या उरतात. शिष्यांचे 'पाठवून द्या' आणि प्रभूचे 'पाठवणार नाही' यांच्या मधोमध मत्तयाने या आईला उभे केले आहे. मार्काने तर आणखी एक धागा ठेवला आहे : 'पहिल्याने मुलांना तृप्त होऊ दे' असे प्रभू तिला म्हणतो, आणि पुढच्या अध्यायात चार हजार लोक जेवून तृप्त झाले हे सांगताना तोच तृप्तीचा शब्द येतो. तिने मेजाखालून मागितले; तिच्यामागून आलेले पंगतीला बसले.

मार्काच्या 'पहिल्याने' या शब्दापाशी मला राजांच्या पहिल्या पुस्तकातली सारफथची विधवा आठवते. तीही याच सीदोनच्या मुलखातली. दुष्काळात मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरलेल्या त्या बाईला एलीयाने सांगितले की आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर, मग तुझ्यासाठी आणि तुझ्या मुलासाठी. तिने केली. म्हणजे एके काळी सीदोनच्या बाईने आपल्या लेकराच्या आधी इस्राएलाच्या संदेष्ट्याला जेवू घातले होते. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने या विधवेची आणि सुरियाचा परका सेनापती नामान याची आठवण काढली, तेव्हा त्याच्या गावच्या माणसांनी त्याला डोंगराच्या कड्यावरून लोटून द्यायला नेले. बाहेरच्यांवरील देवाच्या दयेचा उच्चार आतल्यांना एवढा झोंबतो, हे शास्त्राने लपवलेले नाही.

मत्तय तिला 'कनानी' का म्हणतो, यावरही उपदेशात क्वचितच बोलले जाते. त्याच्या काळी हा शब्द जुना झाला होता. मार्क तिला सिरियाच्या फिनिशियात जन्मलेली ग्रीक बाई म्हणतो. मत्तयाने मुद्दाम जुने, वैराचे नाव वापरले असावे, कारण जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात ज्या लोकांवर दया करू नये असे सांगितले आहे त्यांत कनानी आहेत, आणि या बाईचा पहिलाच उद्गार आहे, 'माझ्यावर दया करा.' मत्तयाचे शुभवर्तमान वाचत आलेल्या माणसाला येथे पहिला अध्याय आठवतो, कारण तेथे प्रभूच्या वंशावळीत यरीहोची कनानी राहाब आहे आणि मवाबी रूथ आहे. कनानी रक्त परके खरे, पण ते दावीदपुत्राच्या घराण्यातच आहे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगते. सोर हे श्रीमंत बंदर होते. तेथला जांभळा रंग दूरवर विकला जाई, आणि तेथले नाणे यरुशलेमच्या मंदिराच्या पट्टीसाठी चाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात सोर व सीदोनच्या लोकांना हेरोद राजाच्या मुलखातून अन्न मिळत असे, हे स्पष्ट लिहिले आहे. गालीलच्या कुणब्याने पिकवलेला गहू सोरच्या बाजारात जात असताना 'मुलांची भाकर' या शब्दांना वेगळी धार असणार. ही बाई गरीब होती असे कोठेही लिहिलेले नाही. ती सद्गुणी होती, उपास करीत होती, मूर्तिपूजा सोडून आली होती, असेही लिहिलेले नाही. आपण तिला दीनवाणी रंगवतो, कारण आपल्याला दया पात्र माणसावर झालेली आवडते. परंतु नम्रतेच्या बदल्यात दया मिळाली असे म्हटले की ती दया राहत नाही, मजुरी होते. आणि मजुरी ठरवणारे मुकादम मग आपण होतो.

प्रभूच्या मौनाविषयी आणि त्या कठोर वाक्याविषयी मला जे वाटते ते सांगते, कारण ते टाळून ही गोष्ट सांगता येत नाही. 'तो तिची परीक्षा पाहत होता' असे आपण लगेच म्हणतो. योहानाच्या सहाव्या अध्यायात फिलिप्पाला प्रश्न विचारताना प्रभू त्याची परीक्षा पाहत होता असे योहान स्वतः लिहितो. शास्त्राला जेव्हा परीक्षा म्हणायची असते तेव्हा शास्त्र तसे म्हणते. येथे मत्तय म्हणत नाही, मार्कही म्हणत नाही. 'मूळ शब्द पाळीव पिलांचा आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यांचा नाही' हा खुलासा खरा आहे, पण आजारी लेकीच्या आईला पिलू म्हटले काय आणि कुत्रे म्हटले काय, त्याने फारसा फरक पडत नाही. ते वाक्य कठोर आहे. ते कठोर राहू द्यावे, कारण देवाकडून असेच मौन आणि असेच शब्द मिळाल्याचा अनुभव असलेली माणसे आपल्या बाकांवर बसलेली असतात आणि त्यांना गोड खुलाशांची गरज नसते. मार्टिन ल्यूथरने याच पाठावर बोलताना 'नाही'च्या खाली खोलवर दडलेल्या 'होय'ला घट्ट धरून राहण्याविषयी सांगितले होते, आणि मला ते पटते. मौनात त्याने तिला घालवून दिले नाही, एवढे निश्चित आहे. शिष्यांनी ते मौन आपल्या सोयीने नकार म्हणून वाचले. आपणही वाचतो.

आणि तिने ते कसे वाचले? ती आणखी जवळ आली. मागच्या अध्यायात पाण्यावर चालता चालता बुडू लागलेल्या पेत्राला प्रभू 'अल्पविश्वासी' म्हणाला होता; या बाईला तो 'तुझा विश्वास मोठा' असे म्हणतो. मत्तयाने अशी वाखाणणी आणखी एकाच माणसाची ठळकपणे नोंदली आहे, आणि तोही परका आहे : कफर्णहूमचा रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा नायक, जो म्हणाला की आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही.

येथे आपल्या उपासनेकडे पाहावे. कॅथलिक बांधव कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, घेण्यापूर्वी त्या शताधिपतीचेच शब्द म्हणतात. अँग्लिकन परंपरेतून आलेल्या मंडळ्यांत प्रभुभोजनापूर्वीची जी जुनी प्रार्थना आहे, जी १५४९ च्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातही होती, तिच्यात आम्ही तुझ्या मेजाखालचा चुरा वेचण्यासही योग्य नाही असे म्हटले जाते, आणि लगेच पुढे म्हटले जाते की दया करणे हा तुझा नित्याचा स्वभाव आहे. 'प्रभो, दया कर' हा तर सगळ्यांच्याच उपासनेतला उद्गार, आणि तो तिचाही पहिला उद्गार आहे. ज्यांना शिष्यांनी बाहेरचे म्हटले असते त्यांचे शब्द उसने घेतल्याशिवाय आपल्यापैकी कोणालाही मेजाजवळ जाता येत नाही. हे शब्द आपण वर्षानुवर्षे म्हणतो. तेच शब्द दारातून कोणी मोठ्याने म्हणत आले तर आपल्याला अडथळा का वाटावा?

आपले आक्षेप मला माहीत आहेत. पहिला शिस्तीचा. सर्व काही शिस्तवार व व्यवस्थित व्हावे हे पौलाने करिंथकरांना लिहिले, आणि मी स्वतः मुलांना रांगेत बसवते, म्हणून शिस्तीची किंमत जाणते. परंतु प्रभू कफर्णहूमच्या घरात वचन सांगत असताना चौघांनी छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडले, तेव्हा त्याने 'वचन संपू द्या' असे म्हटल्याचे लिहिलेले नाही. आणि सोरच्या मुलखात तर तो एका घरात शिरला होता आणि कोणाला कळू नये अशी त्याची इच्छा होती, असे मार्क सांगतो. तो विसाव्याला गेला होता. तेथेही तिने त्याला गाठले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आजकाल पंचांच्या तोंडून हलक्या आवाजात ऐकू येतो : बाहेरच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला तर धर्मांतरासाठी आमिष दाखवले असा आरोप होईल. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मात्र या गोष्टीत प्रभूने त्या बाईकडून काय घेतले ते पाहावे. काहीच नाही. 'माझ्यामागे ये' असे तो तिला म्हणाला नाही, बाप्तिस्म्याची अट घातली नाही, देव बदलायला सांगितले नाही. मुलगी बरी झाली आणि आई घरी गेली. मार्क लिहितो की मूल अंथरुणावर पडलेले आणि भूत निघून गेलेले तिला आढळले. कसलाही मोबदला न मागणारी दया हेच त्या आरोपाला प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते आपल्याला देता यायला हवे. आकडी येणाऱ्या मुलीला दवाखान्यात नेण्यासाठी सोबत जाणे, रिक्षा बोलावणे, हेही त्या उत्तरातच येते.

म्हणून माझे मागणे मर्यादित आहे. प्रभुभोजन कोणाला द्यावे, बाप्तिस्म्याची तयारी कशी करून घ्यावी, याचे नियम बदला असे मी म्हणत नाही. ते ठरवणे माझे काम नाही. मी म्हणते की या वचनांवर उपदेश कराल तेव्हा मत्तयाचे दोन्ही अध्याय सलग वाचून दाखवा, म्हणजे टोपल्यांची मोजणी आणि चुरा एकत्र ऐकू येतील. 'ती बाई म्हणजे आपण' एवढ्यावर थांबू नका, कारण बाकांवर बसलेले आपण बहुधा त्या गोष्टीतले शिष्य असतो. त्यांचे वाक्यही उपदेशात घ्या. अपमान सहन करण्याची शिकवण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सहन केला त्यांना देऊ नका. सोयरीक जुळवताना आपल्यातच पूर्वीची जात अजून विचारली जाते, अमक्या वाड्यातले आणि तमक्या वाड्यातले असा भेद ख्रिस्ती नावाखाली चालतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. त्या दिवशी उपदेशात त्याचे नाव घ्या. आणि दारावर जो कोणी नेमाल त्याला सांगून ठेवा की रडत आलेल्या माणसाला थांबवण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत पुढे एक ओझरता उल्लेख येतो. पौल यरुशलेमला जाताना त्याचे जहाज सोर येथे माल उतरवायला थांबते, तेथे शिष्य भेटतात, तो सात दिवस त्यांच्याकडे राहतो, आणि निघताना ते सगळे बायकामुलांसह त्याला नगराबाहेर पोचवायला येतात आणि समुद्राच्या किनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करतात. त्या वाळूत ती आई होती की नाही, तिची मुलगी तोवर मोठी झाली होती की नाही, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. शुभवर्तमानकारांनी दोघींची नावेही लिहिली नाहीत. पुढच्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना ते बोचले असावे, कारण त्यांच्या एका कथेत आईला जुस्ता आणि मुलीला बर्निकी अशी नावे दिलेली आढळतात.

आमच्याकडे आलेल्या बाईचे नाव आम्ही कोणी विचारले नव्हते. पुढचे दोन रविवार मी दाराबाहेर थांबले, वस्तीतही एकदा जाऊन आले. कोणाला काही सांगता आले नाही. तशी कोणी पुन्हा आली, आणि गीत चालू असतानाच आली, तर कोणीतरी उठावे. कडवे अर्धवट राहिले तरी चालेल. तिला बाकावर बसवावे, मुलीला पाणी द्यावे आणि आधी मुलीचे नाव विचारावे, म्हणजे प्रार्थनेत ते घेता येईल.

आपली,
संडे स्कूलची एक शिक्षिका